माझ्या पोरीचा देवदूत करू नका

१४ जानेवारी

प्रिय मामा,

दगड काल पोचला. लॉरीवाल्याने दफनभूमीच्या फाटकाशी उतरवला आणि चार माणसांनी लाकडी ओंडक्यांवरून सरकवत भिंगरीच्या जागेपर्यंत नेला. कुठे टवका उडालेला नाही, कोपरे शाबूत आहेत. रखवालदाराने पाणसळ लावून तो सरळ बसवला आणि म्हणाला, असा दगड या आवारात दुसरा नाही. भिंगरीचे बाबा बराच वेळ त्यावर हात फिरवत उभे होते.

एवढं वाचून तुला बरं वाटलं असेल, म्हणून आता मुद्द्यावर येते. त्यावरचा देवदूत काढून टाक.

मी तुला नाव, दोन तारखा आणि खाली ‘भिंगरी’ एवढंच कोरायला सांगितलं होतं. देवदूत तू तुझ्या मनाने घातलास. प्रेमाने घातलास हे मला कळतं, म्हणून ओरडत नाही. पण ऑगस्टपासून जो तो मला हेच ऐकवतोय. भिंगरीला मेंदूज्वराने चार दिवसांत नेलं, आणि पाचव्या दिवसापासून लोकांनी तिला पंख लावायला सुरुवात केली. लॉन्ड्रीत आमची मुकादमीण इस्त्रीच्या टेबलाशी येऊन म्हणाली, “देवाला एक देवदूत कमी पडत होता गं.” मी म्हटलं, “मग तुमच्या दोन पोरांपैकी एक न्यायचा होता.” आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मामा, माझ्या पोरीला देवपण नको होतं, सायकल हवी होती.

त्याच बाईंनी मला एक गोष्टींचं पुस्तकही आणून दिलं. त्यात एक शहाणी मुलगी आजारी पडते, कोणाला त्रास न देता मरते आणि शहाणी होती म्हणून तिला पंख मिळतात. मग ती ढगावर बसून वीणा वाजवते. भिंगरीला असलं काही वाचून दाखवलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, ढगावर बसल्यावर शू लागली तर कुठे जायचं.

७ एप्रिलला ती सात वर्षांची झाली असती. त्या दिवशी फादर दगडाला आशीर्वाद देणार आहेत, माणसं जमणार आहेत. एकदा आशीर्वाद झाला की दगडाला हात लावता येत नाही. त्याआधी मला तिथे माझी मुलगी हवी आहे, दुसरं कोणी नको.

तुझी,
ठिणगी


२६ जानेवारी

चि. ठिणगी हिस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, की कदाचित काचेवरच काही डाग असेल. नव्हता.

डावा गाल जरा जास्त भरला आहे, हे मलाही दिसत होतं. थंडीत बोटं वळत नाहीत, आणि या वयात पाथरवटाने आपल्या हाताची बढाई मारू नये. तुला ते खटकलं असेल तर सरळ लिहायचं होतंस. मी येऊन अर्ध्या दिवसात गाल सारखा करून देईन. पण ‘काढून टाक’ म्हणजे काय? दगड म्हणजे शाळेतली पाटी नाही, थुंकी लावून पुसली आणि दुसरं काढलं. जे उडालं ते उडालं. आमच्या धंद्यात फक्त वजाबाकी असते.

एक्केचाळीस वर्षं मी लहान मुलांचे दगड करतो आहे. देवदूताचा पुठ्ठ्याचा नमुना खिळ्याला टांगलेला आहे, त्यावरून कोळशाने आकृती उतरवतो आणि कामाला लागतो. तीनशेच्या वर झाले असतील. एकाही आईने परत घ्या म्हटलं नाही. उलट पाया पडल्या आहेत, ते मला आवडत नाही तरीही. तुझा राग नशिबावर आहे आणि तू तो माझ्या दगडावर काढते आहेस. वड्याचं तेल वांग्यावर.

भिंगरीचा दगड करताना मी दुसरं काम हातात घेतलं नाही. हे सांगणार नव्हतो, पण सांगितलं.

जेवत जा. तुझी आई असती तर तिने तुझे कान उपटले असते, माझे हात तिथवर पोचत नाहीत.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

गालाचं काही नाही. गाल उत्तम आहे. तुझ्या हाताला नाव ठेवीन तर माझी जीभ झडेल. माझं भांडण त्या आकृतीशी आहे.

तुला वाटेल मीच एकटी डोक्यात राख घालून बसले आहे, म्हणून मी फादरांकडे गेले. चर्चची वेदीवरची वस्त्रं आमच्याच लॉन्ड्रीत येतात. ती पोचवायच्या निमित्ताने त्यांना आतल्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं. आमचे फादर भले आहेत, पण ताकासही तूर लागू देत नाहीत. म्हणून सरळ विचारलं, “माणूस मेला की देवदूत होतो का?”

ते घडी घातलेली वस्त्रं परत उलगडायला लागले. म्हणाले, “लोकांना धीर मिळतो.”

“ते नाही विचारलं.”

मग म्हणाले, “नाही. शास्त्राप्रमाणे ते वेगळे घडवलेले. त्यांना शरीर नाही, आई नाही, बालपण नाही. ते कधी माणूस नव्हते आणि माणूस कधी ते होत नाही.”

“आणि पंख?”

“काहींना सहा सांगितले आहेत. काहींच्या अंगभर डोळे आहेत. बरेचसे साध्या वाटसरूसारखे येतात, सावलीत बसून जेवतात, यजमानाला पत्ताही लागत नाही. एकाने तर एका माणसाशी पहाटेपर्यंत कुस्ती केली आणि त्याच्या मांडीचा सांधा उखडला. हे गुबगुबीत गाल फार नंतर चित्रकारांनी आणले.”

“देवदूत आला की पहिलं काय बोलतो, फादर?”

“घाबरू नका, असं म्हणतो.”

“गुबगुबीत गालांच्या पोराला कोण घाबरतं?”

ते हसले आणि लगेच गंभीर झाले. म्हणाले, “हे बाहेर कुणाला सांगू नकोस. तिथे तीस मुलांचे दगड आहेत, तीस आया आहेत.”

ऐकलंस ना मामा? सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून गप्प आहेत. मला धीर नको आहे. माझी पोर देवदूत झाली म्हटलं की ती भिंगरी नव्हतीच, असं होतं. जिने दातांच्या डॉक्टरांचं बोट चावलं आणि सॉरी म्हणायला नकार दिला, ती कुठे गेली? जिने शाळेतल्या बाईंची शिट्टी लपवून दोन दिवस मैदानावर अंदाधुंदी माजवली, ती? माझ्या हातावर तुरी देऊन ती दुकानातून निसटायची आणि मी रस्त्यावर तिच्या नावाने बोंबलत फिरायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या पोरीची मेल्यावरही जायला नको आहे मला.

आकृती सपाट करून टाक. तिच्या जागी मोकळा दगड राहिला तरी चालेल. मी दफनभूमीच्या समितीकडे तसा रीतसर अर्जही केला आहे.

तुझी,
ठिणगी


११ फेब्रुवारी

श्रीमती,

आपला दि. ३ चा अर्ज समितीच्या बैठकीत वाचण्यात आला. आपल्या दुःखात समिती सहभागी आहे.

तथापि, बालविभाग नियम क्र. ७ अन्वये, बालविभागातील प्रत्येक दगडावर देवदूताची आकृती ठळकपणे असणे बंधनकारक आहे. विभागाचे सौंदर्य व एकसारखेपणा राखणे, तसेच इतर पालकांच्या भावना जपणे, हा यामागील हेतू आहे. आकृतीविरहित दगड आढळल्यास तो हटवण्याचा अधिकार समितीस राहील.

सबब आपली विनंती मान्य करता येत नाही. देवदूत आपल्या कन्येचे रक्षण करो.

आपला नम्र,
अध्यक्ष, दफनभूमी समिती


१२ फेब्रुवारी

मामा,

समितीचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यांच्याकडे नियम आहे, माझ्याकडे जीभ आहे. तू दगड सपाट कर, पुढचं मी बघते. हटवायला आले तर मी त्यावर बसून राहीन. शेंडी तुटो की पारंबी.

ठिणगी


२० फेब्रुवारी

ठिणगी,

नाही करणार.

आणि का नाही, ते आता ऐक. तुझ्या आईने तुला सांगितलं नसणार, कारण आमच्या घरात ते कोणी बोलत नसे.

तुझ्या आईच्या आधी आम्हाला एक बहीण झाली होती. तीन तास जगली. मी आठ वर्षांचा होतो. फादरांना बोलवायला माणूस गेला तोवर सगळं आटपलं होतं. तेव्हाचे फादर नियमाचे पक्के. म्हणाले, डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही, तेव्हा कुंपणाच्या आत जागा नाही. क्रूस नाही, नावही नाही. माझ्या बापाने त्याच फादरांच्या चर्चच्या पायऱ्या घडवल्या होत्या.

त्याने पोरीला कुंपणाच्या भिंतीबाहेर पुरलं. मग दगड घेतला आणि त्यावर देवदूत कोरला. फादर आले, म्हणाले, हे काय चाललंय? बाप म्हणाला, “क्रूस तुमचा असेल. देवदूत कोणाच्या बापाचा नाही.” छिन्नी खाली ठेवली नाही त्याने. त्यानंतर दोन वर्षं चर्चचं काम आम्हाला मिळालं नाही. घरात पावाची मारामार होती. पण तो दगड तिथेच राहिला.

माझ्या खिळ्यावरचा नमुना त्या दगडावरून आलेला आहे. तू ज्याला गुबगुबीत म्हणतेस तो आमच्या घराण्याचा हट्ट आहे. ज्यांना जागा नाकारली, नाव नाकारलं, त्यांच्या बाजूने उभा राहिलेला एकच होता, तो हा. तू त्याला काढायला सांगतेस. दुसऱ्या कोणाला सांग. एखादा मिळेल, छिन्नी धरता येणारे खूप झालेत.

माझ्याकडून नाही म्हणजे नाही. काळ्या दगडावरची रेघ समज.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मी रागावले नव्हते. मी तिथे जाऊन आले.

गेल्या आठवड्यात सुट्टी काढली, पहिल्या बसने तुझ्या गावी उतरले आणि जुन्या दफनभूमीच्या भिंतीला बाहेरून वळसा घातला. काटेरी झुडपं हाताने बाजूला केली, त्याचे ओरखडे अजून आहेत. तुझ्या घरी आले नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. हातोडीचा आवाज येत होता. तो ऐकला आणि परत फिरले, कारण समोरासमोर आपण दोघंही मुके. रागावू नकोस.

मामा, तू शेवटचा तिथे कधी गेला होतास?

तो दगड माझ्या गुडघ्याएवढा आहे. त्यावरच्या देवदूताचे डोळे टक्क उघडे आहेत. भुवया ओढलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. पंख फळ्यांसारखे सरळ, मऊपणा नावालाही नाही. एक हात वर करून पंजा समोर धरलाय, रस्ता अडवल्यासारखा. आणि त्याचं तोंड भिंतीकडे आहे. आजोबांनी त्याला फादरांकडे तोंड करून उभा केला आहे. मी मोठी बाई, पण मला त्याची भीती वाटली. हा आला तर पहिल्यांदा घाबरू नका म्हणावंच लागेल.

आणि त्याच्या टाचेमागे, पावाएवढं एक गाठोडं आहे. त्यात एक चेहरा आहे, मिटल्या डोळ्यांचा, सुरकुतलेला, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा असतो तसा. ती माझी मावशी.

ती देवदूत नाही, मामा. ती ती आहे. आजोबांनी तिला पंख लावले नाहीत. तिच्यापुढे राखणदार उभा केला आणि तिला तीच राहू दिलं. मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी साठ वर्षांपूर्वी दगडात लिहून ठेवलं आहे, आणि तू मला सांगतोस की तुझा नमुना त्यावरून आला. मग त्यातलं गाठोडं कुठे गेलं? डोळे कोणी मिटले?

मी तुला दोष देत नाही. थोडा देतेय.

तुझी,
ठिणगी


१७ मार्च

चि. ठिणगी हिस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी तिथे गेलो. बावीस वर्षांनी. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं आहे.

मग घरी येऊन पुठ्ठ्याचा नमुना खाली काढला आणि आठवत बसलो. सगळं आठवलं. बापाच्या हातचा नमुना मी धंद्यात आणला तेव्हा त्यात सगळं होतं. पहिल्यांदा एक बाई आल्या, म्हणाल्या, “डोळे मिटा हो, बघवत नाही.” मिटले. पुढच्यांना हात खाली हवा होता, दटावल्यासारखं वाटतं म्हणून. एका बापाला ओठावर हसू हवं होतं. कोणी म्हणालं गाल भरा, कोणी म्हणालं पंख जरा मऊ करा. आणि एक मावशीबाई म्हणाल्या, ते गाठोडं अमंगळ दिसतं, काढून टाका. मी काढलं. देवदूत एकटा उरला, मग लोक त्यालाच पोर समजायला लागले. मीही समजायला लागलो. गिऱ्हाईक रडत आलेलं असतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, ही आमची रीत. चाळीस वर्षं मी एकेक माणसाला खूश करत गेलो आणि बापाने जे दोन वर्षं उपाशी राहून राखलं होतं ते थोडं थोडं करून उडवून टाकलं. ह्याची मला लाज वाटते. लिहून मोकळा झालो.

आता कामाचं बोलू.

आकृती सपाट केली तर समिती दगड हटवेल. नवा दगड सात एप्रिलपर्यंत होणार नाही. आमच्या धंद्यात वजाबाकीच असते हे खरं, पण वजाबाकी करायला दगड शिल्लक हवा, आणि तुझ्या देवदूताच्या पंखांत तो भरपूर आहे. मऊ दिसावेत म्हणून मी ते चांगले चार बोटं जाड ठेवले आहेत. डाव्या पंखात पोर मावेल.

त्यांचा नियम काय म्हणतो? देवदूत असावा. असू दे. शेजारी कोणी असू नये असं म्हटलेलं नाही. आणि त्याने हसत राहावं असंही कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. पापण्या खोल नेऊन डोळे उघडता येतात. गाल उतरवता येतात.

पण मला भिंगरी नीट सांग. मी तिला तीनदाच पाहिलं, त्यातल्या दोनदा ती टेबलाखाली होती. कशी उभी राहायची, हात कुठे असायचे, केस कसे. फोटो पाठवू नकोस. फोटोत सगळी पोरं शहाणी दिसतात.

मी २५ तारखेला येतो. अंथरूण जमिनीवर घाल, पलंगावर माझी पाठ धरते.

तुझा,
मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

उभी राहायची ती एका पायावर दुसरा पाय ठेवून. बूट नेहमी वरून मळलेला असायचा त्यामुळे. पोट पुढे. मान जरा वाकडी, समोरचा खोटं बोलतोय हे आधीच ठाऊक असल्यासारखी. समोरचा वरचा एक दात पडला होता, नवीन यायचा होता.

फ्रॉकला खिसा असलाच पाहिजे, नाहीतर ती तो फ्रॉक घालायची नाही. खिसा फुगलेला दाखव. त्यात बटणं असायची. लॉन्ड्रीत तुटून पडलेली मी घरी आणायची आणि ती त्यांची रांग लावायची, मोठ्या बटणांना मागे उभं करायची, बारक्यांना पुढे.

केस मी रोज विंचरायचे आणि दहा मिनिटांत ते पुन्हा उभे राहायचे.

हात. तिला कोणाशी बोलायचं असलं की ती त्या माणसाचा कपडा धरून ओढायची. बाही, पदर, कोट, हाताला येईल ते. आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही. तिच्या बाबांच्या ड्रायव्हरकीच्या युनिफॉर्मचे दोन खिसे तिने उसवलेत. दवाखान्यातसुद्धा शेवटच्या दिवशी तिने नर्सबाईंचा ॲप्रन धरला होता. त्या हळूच बोटं सोडवायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, राहू द्या.

तिला सुंदर करू नकोस. ती सुंदर नव्हती. नाक माझं होतं.

अंथरूण घातलं आहे.

तुझी,
ठिणगी


११ एप्रिल

प्रिय मामा,

तू सहा तारखेलाच निघून गेलास ते का, हे मला कळलं. लोक काय म्हणतील ते ऐकायला तुला थांबायचं नव्हतं. मलाही बोलता आलं नाही. तेरा दिवस तू ताडपत्रीच्या आत ठोकत होतास, मी कामावरून येऊन तुला चहा द्यायची आणि बाहेरूनच परत फिरायची. तू म्हणाला होतास, अर्धवट बघायचं नाही. ऐकलं. पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं.

सात तारखेला सकाळी भिंगरीच्या बाबांनी ताडपत्री ओढली.

पहिल्यांदा माझी मुकादमीण हसली, आणि हसताना तिने तोंडावर हात घेतला. देवदूताचे डोळे उघडे, भुवया वर गेलेल्या, तोंड जरा वासलेलं. भिंगरीने बोट चावलं तेव्हा दातांच्या डॉक्टरांचा चेहरा अगदी असाच झाला होता, आणि तो चेहरा कसा होता ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. उजवा पंख जागच्या जागी. डावा जिथे असायचा तिथे ती उभी, पायावर पाय, खिसा फुगलेला, नाक माझं. तिच्या मुठीत पिसांचा एक झुबका आहे आणि ती त्याला खाली ओढते आहे. तो बिचारा एका बाजूला कललाय.

समितीचे अध्यक्ष टेप घेऊनच आले होते. त्यांनी उंची मोजली, रुंदी मोजली, चष्मा काढला, परत लावला.

“दुसरा पंख कुठे आहे?”

मी म्हटलं, “तिच्या मुठीत.”

“नियमाप्रमाणे देवदूत पाहिजे.”

“आहे की. हा काय उभा आहे.”

“हा देवदूत दिसत नाही. घाबरलेला दिसतोय.”

“सहा वर्षांच्या पोरीने धरलं तर तुम्हीही घाबराल.”

ते फादरांकडे वळले. आमचे फादर, जे माझ्यासमोर वस्त्रांच्या घड्या घालत आणि मोडत बसले होते, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शास्त्रात बहुतेकांना एकही पंख सांगितलेला नाही. त्या मानाने याला एक जास्तच आहे.” आणि त्यांनी पुस्तक उघडलं. प्रार्थनेत ते एकदाही तिला देवदूत म्हणाले नाहीत. ‘ही मुलगी’ म्हणाले, आणि घरी तिला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव मला विचारून घेतलं.

अध्यक्षांचं पत्र काल आलं. लेखी खुलासा मागितला आहे, सात दिवसांत. मी सात शब्दांत दिला: देवदूत आहे. मुलगीही आहे. दोघंही इथेच राहतील. पुढच्या बैठकीत विषय घेणार म्हणे. घेऊ देत. दगडाला आशीर्वाद झाला आहे, आता त्याला हात लावायचा तर त्यांना त्यांचेच नियम मोडावे लागतील. भिंगरीचे बाबा, जे कधी कोणाला उलटून बोलत नाहीत, ते म्हणाले की बैठकीला आपण दोघं जाऊ आणि पहिल्या रांगेत बसू.

पण हे सगळं सांगायला मी लिहायला बसले नव्हते.

माणसं गेल्यावर मी तिथेच थांबले. तिच्या केसांत अजून तुझ्या छिन्नीचा भुगा होता, तो रुमालाने पुसला. खिशात बोट घालून पाहिलं. मग ती मूठ बघितली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “भिंगरे, सोड त्याला. किती वेळा सांगितलं, लोकांचे कपडे ओढायचे नाहीत.”

मामा, ऑगस्टपासून मी तिला एकदाही रागावले नव्हते. रागावणार कोणाला? देवदूताला कोणी रागावत नाही. सगळ्यांनी माझ्याकडून तिला तर नेलंच, तिच्यावर ओरडायचा माझा हक्कही नेला होता.

मग मी खाली बसले आणि साठलेलं सगळं रागावून घेतलं. बुटांवरून, केसांवरून, बाईंच्या शिट्टीवरून, चार दिवसांत निघून गेल्यावरून. आवाज चढला होता माझा, शेजारच्या कबरीपाशी फुलं ठेवणारी बाई वळून बघत होती. तिच्या बाबांनी फाटकातून दोनदा हाक मारली. मी म्हटलं, थांबा, ही ऐकत नाही.

ती काही सोडत नाही.

तुझी,
ठिणगी